सकाळच्या तक्रारीचं मूळ रात्री : छापखान्यातल्या एका एक्सपी संगणकाचं प्रकरण

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, बाजारपेठेत, एक छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, हँडबिलं, बिलबुकं आणि आषाढ लागला की गणेश मंडळांची पावती पुस्तकं, असं त्यांचं वर्षाचं काम. मालकांना सगळं गाव अण्णा म्हणतं. संगणकावरचं कंपोझिंग त्यांच्या सूनबाई करतात. यंत्र पेंटियम ४ चं आहे. ८६५ चिपसेटचा मदरबोर्ड, १ जीबी रॅम, ८० जीबीची आयडीई (रुंद पट्टीसारख्या केबलने जोडायची जुन्या पद्धतीची) हार्डडिस्क आणि विंडोज एक्सपी, सर्व्हिस पॅक ३. त्यावर पेजमेकर ७ (पानं जुळवायचा प्रोग्रॅम) आणि मराठी फाँटचं जुनं पॅकेज. त्या पॅकेजचं लॉक, म्हणजे विकत न घेतलेली प्रत चालू नये म्हणून लावायची किल्लीवजा डबी, संगणकाच्या मागे, २५ पिनांच्या पॅरलल पोर्टला लावलेलं.

एक्सपीचा आधार मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ ला थांबवला. तरीही असे संगणक महाराष्ट्रातल्या गावोगावच्या छापखान्यांत चालू आहेत, आणि त्यामागे आळस नाही. वर्षानुवर्षांचं मॅटर पेजमेकरच्या फायलींत आहे, अक्षरं युनिकोडपूर्व (आजच्या सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेताआधीच्या) फाँटमध्ये आहेत आणि फाँटचं लॉक पॅरलल पोर्टशिवाय चालत नाही. यातली एक गोष्ट बदलायची तर तिन्ही बदलाव्या लागतात. म्हणून यंत्र जपून चालवणं हाच त्यांच्यासाठी व्यवहार्य मार्ग होता.

दुरुस्तीसाठी मला बोलावलं तेव्हा तक्रारी अशा होत्या. सकाळी बटण दाबलं की काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळी येऊन यंत्र थांबतं, एफ१ दाबल्याशिवाय पुढे जात नाही. मग निळ्या पडद्यावर डिस्क तपासायची सूचना येते. डेस्कटॉप यायला चहा पिऊन व्हावा इतका वेळ लागतो. आल्यावर ‘रनडीएलएल’ नावाची चौकट एक फाईल सापडत नसल्याचं सांगते. एवढं होऊन पेजमेकर उघडावा तर कधी कधी फाँटचं पॅकेज म्हणतं, लॉक लावलेलं नाही. आणि संध्याकाळी यंत्र नीट बंद होत नाही.

“बंद करायला गेलं की तिथंच अडकून बसतंय, न्हायतर परत चालूच होतंय बघा,” अण्णा म्हणाले. “मग मी भिंतीवरच्या बोर्डाचं बटणच बंद करतो.”

आधी बघून गेलेल्या तंत्रज्ञाने फॉरमॅटचा सल्ला दिला होता. अशा यंत्राला हा सल्ला फार धोक्याचा. फाँटच्या पॅकेजची सीडी आता कोणाकडे नव्हती, लेझर प्रिंटरचा ड्रायव्हर कुठून आणायचा हा प्रश्न होता, आणि फॉरमॅटनंतर त्या पॅकेजने जुनं लॉक ओळखलं नसतं तर मंडळांचा हंगाम हातचा गेला असता. शिवाय वरच्या तक्रारींतली पहिली तर विंडोज सुरू होण्याआधीचीच होती. डिस्क कितीही वेळा पुसली तरी ती तशीच राहिली असती.

आधी प्रत, मग तपास

कोणतंही बटण दाबण्यापूर्वी मी डिस्क काढून माझ्या यंत्राला जोडली आणि तिची संपूर्ण प्रतिमा, म्हणजे जशीच्या तशी प्रत, करून घेतली. अण्णांना हा वेळ वाया गेल्यासारखा वाटला, पण यावर मी तडजोड करत नाही. जुन्या डिस्कवर ‘चेक डिस्क’ पूर्ण तपासणीसह चालवलं की ती डिस्कचा प्रत्येक भाग वाचून काढते. डिस्क मरणपंथाला लागली असेल तर त्या श्रमाने ती तिथेच बसते, आणि मग दुरुस्तही काही होत नाही, मॅटरही हाती लागत नाही.

त्याच वेळी डिस्कची स्मार्ट नोंद, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, पाहिली. त्यात तीन रकाने माझ्या कामाचे. ०५ मध्ये बदली केलेल्या सेक्टरांची (डिस्कवरच्या छोट्या कप्प्यांची) संख्या असते, सी५ मध्ये वाचता न आल्याने ताटकळलेल्या सेक्टरांची, आणि सी७ मध्ये केबलवरून येताना बिघडलेल्या डेटाची. पहिले दोन्ही शून्य होते. सी७ चा आकडा मात्र बराच मोठा. म्हणजे डिस्कची तबकडी चांगली होती, संशय तारेवर होता. हा धागा मनात ठेवून डिस्क परत बसवली.

उघडलेल्या डब्यात आणखी एक गोष्ट पाहायची असते. २००० नंतरच्या काही वर्षांत बनलेल्या अनेक मदरबोर्डांवरचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर खराब प्रतीचे निघाले होते. डोकं फुगलेला किंवा तपकिरी चिकट द्रव गळलेला कपॅसिटर प्रोसेसरजवळ दिसला, तर यंत्र सकाळी गार असताना सुरू न होणं, मध्येच रीस्टार्ट होणं हे सगळं त्याच्या खात्यावर जातं आणि विंडोजमध्ये शोधण्यात अर्थ उरत नाही. इथे सगळ्यांची डोकी सपाट होती. एसएमपीएसच्या (वीजपुरवठ्याच्या डब्याच्या) पंख्यात धूळ साचली होती, ती काढली.

काळ्या पडद्यावरच्या ओळी

पडद्यावर दोन ओळी होत्या. पहिली ‘सीमॉस चेकसम एरर, डिफॉल्ट्स लोडेड’, दुसरी ‘फ्लॉपी डिस्क फेल’. खाली एफ१ दाबा, अशी सूचना.

बायोस म्हणजे विंडोजच्या आधी चालणारा मदरबोर्डमधला मूळ प्रोग्रॅम. त्याची सेटिंग्ज आणि घड्याळ मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या बॅटरीवर जगतात. सीआर २०३२, ३ व्होल्टची. मल्टिमीटर लावला तर ती २.३ व्होल्टवर आली होती. सेटिंग्ज पुसली गेल्यामुळे बायोस रोज कारखान्यातून निघतानाची मूळ सेटिंग्ज भरत होता. त्या मूळ सेटिंग्जमध्ये १.४४ एमबीची फ्लॉपी ड्राइव्ह गृहीत धरलेली असते. अण्णांच्या यंत्रातली फ्लॉपी केव्हाच काढून टाकली होती, म्हणून बायोस न सापडलेल्या ड्राइव्हबद्दल तक्रार करत होता. दुसरी ओळ अशी पहिलीच्याच पोटी आली होती.

आता लॉकची गोष्ट. पॅरलल पोर्ट कोणत्या पद्धतीने चालवायचा, एसपीपी, ईपीपी की ईसीपी, हेही बायोसमध्येच ठरतं. या मदरबोर्डाची मूळ निवड ईसीपी होती, आणि हे जुनं लॉक ईसीपीवर कधी ओळखलं जायचं, कधी नाही. पूर्वी कोणीतरी जाणत्या माणसाने ते ईपीपीवर ठेवलं असणार. बॅटरी गेली तशी ती निवडही गेली. सूनबाई लॉक काढून, पुसून, पुन्हा लावत बसायच्या, आणि बिघाड लॉकमध्ये नव्हताच.

तारखेचं नुकसान सगळ्यात मोठं होतं. यंत्र रोज सकाळी १ जानेवारी २००३ मध्ये उठायचं. त्या दिवशी केलेल्या सगळ्या फायलींवर तीच तारीख पडायची. फायली तारखेने लावल्या की गेल्या वर्षीचं मॅटर सगळ्यात वर आणि कालच दुरुस्त केलेलं तळाशी. एका मंडळाच्या पावतीवर मागच्या वर्षीच्या अध्यक्षांचं नाव प्रूफपर्यंत गेलं होतं, ते याचमुळे. नशीब, मंडळाच्या कार्यकर्त्याने प्रूफ नीट वाचलं.

नवी बॅटरी बसवली. बायोसमध्ये तारीख आणि वेळ लावली, फ्लॉपी ‘नन’ केली, पॅरलल पोर्ट ईपीपीवर ठेवला, बूटचा पहिला मान हार्डडिस्कला दिला. हा क्रम तपासणंही गरजेचं होतं. क्रमात यूएसबी पुढे असेल आणि गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह लावलेला राहिला, तर ‘एनटीएलडीआर इज मिसिंग’ (विंडोज सुरू करणारी फाईल सापडत नाही) असा संदेश येऊ शकतो आणि माणूस विंडोजच उडालं म्हणून घाबरतो. सगळ्या पानांचे फोटो सूनबाईंच्या मोबाइलवर काढून ठेवले. बायोसचे फोटो ही फुकटची आणि फार मोलाची नोंद आहे. पुढच्या वेळी बॅटरी बदलणाऱ्याला अंदाज बांधावे लागत नाहीत.

बॅटरी इतकी का उतरली, हेही अण्णांना सांगितलं. संगणक बंद असला तरी भिंतीवरचं बटण चालू असेल तर एसएमपीएस मदरबोर्डला ५ व्होल्टचा थोडा पुरवठा देत राहतो आणि घड्याळ त्यावर चालतं. बटणच बंद केलं की घड्याळाचा सगळा भार त्या नाण्यावर येतो. आपल्याकडे रात्री दुकान बंद करताना बोर्ड बंद करायची पद्धत आहे, आणि ती सोडा असं मी म्हणणार नाही. पावसाळ्यात विजा कडाडताना, व्होल्टेज खालीवर होताना ती योग्यच आहे. मात्र बॅटरी दर दोन-तीन वर्षांनी आपणहून बदलावी. तिची किंमत पावती पुस्तकाच्या एका प्रूफाएवढीही नाही.

घड्याळ बरोबर झालं तेव्हा बोलू लागलेल्या नोंदी

खरं तर मला बंद होण्याच्या तक्रारीला आधी हात घालायचा होता. पण घड्याळ खोटं असेपर्यंत इव्हेंट व्ह्यूअरमधल्या, म्हणजे विंडोजच्या रोजनिशीतल्या, नोंदींना काही अर्थ नव्हता. सगळ्या नोंदी २००३ च्या जानेवारीत एकमेकींवर रचलेल्या, कोणती कालची आणि कोणती महिन्यापूर्वीची ते कळत नव्हतं. म्हणून बॅटरी बदलून मी यंत्र काही दिवस तसंच चालू दिलं. अण्णांना सांगितलं, तुम्ही नेहमी बंद करता तसंच करा. बिघाड दिसल्याशिवाय तो पकडता येत नाही.

एक्सपीच्या सिस्टिम लॉगमध्ये तीन क्रमांक लक्षात ठेवण्यासारखे आहेत. ६००५ म्हणजे नोंदवही उघडली, यंत्र सुरू झालं. ६००६ म्हणजे नोंदवही रीतसर मिटली, यंत्र नीट बंद झालं. आणि ६००८ म्हणजे आधीचं बंद होणं अनपेक्षित होतं. ६००८ ची खुबी ही, की यंत्र किती वाजता बंद पडलं ती वेळही तिच्यात लिहिलेली असते.

परत येऊन नोंदी वाचल्या तेव्हा ६००८ चे दोन गट स्पष्ट वेगळे दिसले. काहींच्या वेळा भर दुपारच्या होत्या. त्या दिवशी वीज गेली होती का, असं विचारल्यावर सूनबाईंनी लगेच हो म्हटलं. यूपीएसचा दिवा लागायचा, पण त्याची १२ व्होल्टची बॅटरी मेली होती, त्यामुळे वीज जाताच संगणकही जायचा. दुसऱ्या गटातल्या सगळ्या वेळा रात्री आठ-साडेआठच्या, दुकान वाढवण्याच्या. तिथे अण्णांचा हात बोर्डाच्या बटणावर होता.

इथे मला या प्रकरणाचा कणा सापडला. सकाळच्या तक्रारी रात्री तयार होत होत्या. यंत्र बंद होताना अडकायचं, म्हणून अण्णा बोर्ड बंद करायचे. लिहिणं चालू असताना वीज तुटल्यामुळे डिस्कच्या विभागावर ‘अस्वच्छ’ अशी खूण राहायची, म्हणून सकाळी निळा पडदा. त्या पडद्यावर १० सेकंदांत कुठलंही बटण दाबलं की तपासणी टळते. घाईत ती रोज टाळली जायची, खूण तशीच राहायची आणि फायलींच्या सारणीतल्या चुका साठत जायच्या. असंच चाललं असतं तर एके दिवशी रजिस्ट्रीची (विंडोजची सगळी सेटिंग्ज जिच्यात असतात तिची) ‘सिस्टिम’ नावाची फाईल बिघडली असती, आणि मग एक्सपी ती फाईल हरवली किंवा खराब झाली असं सांगून तिथेच थांबते. त्यातून रिकव्हरी कन्सोल (विंडोजच्या सीडीवरून चालणारी दुरुस्तीची सोय) वापरून बाहेर काढता येतं, पण विंडोजच्या ‘रिपेअर’ फोल्डरमधली प्रत बहुधा अगदी पहिल्या दिवसाची असते. नंतर बसवलेल्या प्रिंटरला किंवा लॉकच्या ड्रायव्हरला ती ओळखत नाही. अण्णांच्या यंत्राला हा धोका खरा होता.

डिस्कची प्रत हाती होतीच, म्हणून आता निर्धास्तपणे चेक डिस्क पूर्ण चालू दिलं. काय काय दुरुस्त झालं ते नंतर वाचता येतं. एक्सपी तो अहवाल अ‍ॅप्लिकेशन लॉगमध्ये ‘विनलॉगऑन’ या नावाखाली १००१ क्रमांकाने ठेवते. अनुक्रमणिकेतल्या चुका आणि काही बेवारस तुकडे सापडले होते, खराब सेक्टर एकही नाही. स्मार्टने सांगितलं होतं त्याच्याशी हे जुळलं.

रात्रीचं अडकणं

बंद होताना एक्सपी काही ओळी क्रमाने दाखवते. आधी लॉग ऑफ, मग ‘सेव्हिंग युवर सेटिंग्ज’, मग ‘विंडोज इज शटिंग डाउन’. यंत्र कोणत्या ओळीवर थांबलं ते पाहिलं की अर्धं निदान होतं. सेटिंग्ज साठवण्याच्या ओळीवर थांबलं तर कुठला तरी प्रोग्रॅम वापरकर्त्याची रजिस्ट्री सोडत नाही. शेवटच्या ओळीवर थांबलं तर बहुधा ड्रायव्हर किंवा सर्व्हिस (पडद्यामागे चालणारा प्रोग्रॅम). आणि सगळं होऊन ‘इट इज नाउ सेफ टु टर्न ऑफ युवर कॉम्प्युटर’ असं लिहून यंत्र चालूच राहिलं, तर विंडोज बसवताना वीज-व्यवस्थापनाचा एसीपीआय प्रकार निवडला गेलेला नाही. हा तिसरा प्रकार अण्णांकडे नव्हता.

मी समोर बसून यंत्र बंद केलं. ते ‘सेव्हिंग युवर सेटिंग्ज’वर थांबलं. अण्णा उठून बोर्डाकडे निघाले, त्यांना म्हटलं, “अण्णा, जरा थांबा, हात लावू नका.” मिनिटभरापेक्षा थोडा जास्त वेळ गेला आणि यंत्र आपोआप बंद झालं.

सकाळी लॉगमध्ये ‘युजरएन्व्ह’ची १५१७ क्रमांकाची नोंद होती. रजिस्ट्री कोणीतरी वापरत असतानाच विंडोजने ती साठवली, असा तिचा अर्थ. एक्सपी वापरकर्त्याची रजिस्ट्री मिटवायचा प्रयत्न सेकंदाला एक असा ६० वेळा करते. म्हणजे जवळपास एक मिनिट. त्याशिवाय न ऐकणाऱ्या सर्व्हिसला बंद व्हायला २० सेकंदांची मुदत देते. यंत्र अडकलेलं नव्हतं, वाट पाहत होतं. अण्णांचा हात त्या मिनिटाच्या आतच बटणावर जायचा.

इंटरनेटवरचे सल्ले इथे रजिस्ट्रीतली ती २० सेकंदांची मुदत कमी करायला सांगतात. मला तो उपाय पटत नाही. मुदत कमी केली की विंडोज त्या प्रोग्रॅमला मध्येच मारते, आणि नेमका तोच काही लिहीत असेल तर नुकसान तेच, फक्त आता बटण विंडोज दाबते. धरून कोण बसलंय ते शोधायला हवं.

त्यासाठी मायक्रोसॉफ्टचीच ‘यूपीएचक्लीन’ नावाची छोटी सर्व्हिस आहे, ती माझ्या जुन्या साठ्यात होती. ती अडलेली रजिस्ट्री सोडवते आणि कोणत्या प्रक्रियेने ती धरली होती त्याचं नाव लॉगमध्ये लिहिते. नाव निघालं प्रिंट स्पूलरचं, म्हणजे छपाईची कामं रांगेत लावणाऱ्या भागाचं. स्पूलर विंडोजचा स्वतःचा भाग आहे, त्याला दोष देऊन चालत नाही. त्याच्या पोटात प्रिंटरच्या सीडीबरोबर आलेला स्थितिदर्शक होता, टोनर किती उरला ते सांगणारा. सीडीचं सगळं पॅकेज काढून टाकलं आणि प्रिंटरचा फक्त मूळ ड्रायव्हर ठेवला. ट्रेसिंग पेपरवरची प्रिंट पूर्वीसारखीच येत होती. टोनर संपत आला की अक्षरं फिकी पडतात, ते सूनबाईंना कुठल्याही चौकटीपेक्षा आधी कळतं. सेटिंग्ज साठवणं आता दोन-चार सेकंदांत होऊ लागलं.

उरला प्रकार बंद करायला गेलं की पुन्हा सुरू होण्याचा. तो रोज होत नव्हता, आणि माझ्यासमोर तर झालाच नाही. सूनबाईंना विचारलं, कोणत्या दिवशी होतं ते काही लक्षात येतं का?

त्या थोडा विचार करून म्हणाल्या, “दादा, ज्या दिवशी नेट लावलेलं असतं ना, त्या दिवशी होतं. शनिवारी मी ते घरी नेते, शनिवारी कधी झालं नाही.”

हे निरीक्षण लाखमोलाचं होतं. नेट म्हणजे यूएसबीला लावायचं वायफायचं छोटं उपकरण, सोबत आलेल्या सीडीवरचा एक्सपीचा ड्रायव्हर टाकलेलं. एक्सपीत एक सेटिंग मुळात चालू असतं. यंत्र कोसळलं तर ते निळा पडदा न थांबवता स्वतःच रीस्टार्ट होतं. बंद होताना कोसळलं तरीही तसंच, त्यामुळे पाहणाऱ्याला वाटतं की यंत्राने बंद व्हायचं सोडून सुरू व्हायचं ठरवलं. माय कॉम्प्युटरच्या प्रॉपर्टीजमध्ये, अ‍ॅडव्हान्स्डखाली, ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’त जाऊन ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ची खूण काढली. वायफाय लावून यंत्र बंद केलं आणि निळा पडदा थांबून राहिला. त्यावर स्टॉप ९एफ, म्हणजे वीज बंद होण्याचा आदेश एका ड्रायव्हरने नीट पाळला नाही. विंडोजच्या ‘मिनिडंप’ फोल्डरमध्ये अशा प्रत्येक कोसळण्याची ६४ केबीची फाईल पडलेली असते. त्या फायली माझ्या लॅपटॉपवर उघडल्या, तर साऱ्यांत नाव त्याच वायफायच्या ड्रायव्हरचं.

चिप बनवणाऱ्याचा नवा ड्रायव्हर शोधता आला असता, यूएसबी हबचं वीज वाचवायचं सेटिंग बंद करून पाहता आलं असतं. पण मी अण्णांना वेगळंच सुचवलं. या यंत्राला इंटरनेट हवंय कशाला? एक्सपीला सुरक्षेचे अपडेट येऊन जमाना झाला. तिच्यावर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती ४९ वी, फायरफॉक्सची ५२ वी. त्यांत आजच्या कित्येक साइट उघडतही नाहीत. गिऱ्हाइकांचं मॅटर व्हॉट्सअ‍ॅपवर मोबाइललाच येतं. नातवाचा नवा लॅपटॉप घरात होता. मॅटर त्यावर उतरवायचं, तिथल्या अँटिव्हायरसने तपासायचं आणि दुकानाच्या एका ठरलेल्या पेनड्राइव्हने एक्सपीवर आणायचं. अण्णांना ते पटलं. उपकरण काढलं, ड्रायव्हरही मुळासकट काढला. त्यानंतर पुन्हा सुरू व्हायचा प्रकार झाला नाही.

सुटी दोन दुखणी

दोन गोष्टींचा रात्रीच्या बटणाशी संबंध नव्हता. सगळ्या चुका एकाच कारणाला बांधायचा मोह आवरायला हवा, म्हणून त्या वेगळ्या सांगतो.

संथपणाचं कारण सी७ च्या आकड्यात होतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रायमरी आयडीई चॅनलच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये चालू मोड ‘पीआयओ’, म्हणजे डेटा आणायची सगळ्यात संथ पद्धत, दिसला. डिस्ककडून येणाऱ्या डेटात एकूण सहा वेळा चूक किंवा उशीर झाला की एक्सपी वेग एकेक पायरी उतरवत शेवटी पीआयओवर आणून ठेवते आणि आपणहून परत वर चढत नाही. पीआयओ ४ चा वेग जास्तीत जास्त सेकंदाला १६.७ एमबी, आणि त्यात प्रत्येक अक्षर प्रोसेसरला स्वतः वाहावं लागतं. या डिस्कचा हक्क होता यूडीएमए ५ या वेगवान पद्धतीचा, १०० एमबीचा. आयडीईची पट्टी काढून पाहिली तर एका टोकाला दुमडून चिरली होती. ८० तारांची चांगली पट्टी बसवली. दुरुस्ती करणाऱ्यांनी इथे जपावं. जुन्या सीडी ड्राइव्हची ४० तारांची पट्टी त्याच खाचेत बसते, पण तिच्यावर ३३ एमबीच्या वर वेग मिळत नाही. नंतर डिव्हाइस मॅनेजरमधून तो चॅनल काढून यंत्र रीस्टार्ट केलं. विंडोजने तो नव्याने ओळखला आणि वेग परत यूडीएमए ५ वर आला. डेस्कटॉप आता दीड मिनिटात येतो.

‘रनडीएलएल’ची चौकट ही जुन्या व्हायरसची मागे राहिलेली खूण होती. छापखान्यात रोज दहा जणांचे पेनड्राइव्ह लागतात, ‘ऑटोरन’वर (पेनड्राइव्ह लावताच त्यातली फाईल आपोआप चालवणाऱ्या सोयीवर) पसरणारे व्हायरस अशा ठिकाणी हमखास शिरायचे. अँटिव्हायरसने मूळ फाईल पुसली होती, पण ती सुरू करायची रजिस्ट्रीतली आज्ञा राहून गेली. विंडोज रोज ती आज्ञा पाळायला जायची आणि फाईल नाही म्हणून तक्रार करायची. अशा वेळी हरवलेली फाईल इंटरनेटवरून शोधून आणून ठेवणारे लोक मी पाहिलेत. कृपा करून तसं करू नका, त्याने गेलेला चोर घरात परत येतो. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातल्या ‘ऑटोरन्स’ची एक्सपीवर चालणारी जुनी आवृत्ती उघडली. तिच्यात ज्या नोंदींची फाईल जागेवर नाही त्या वेगळ्या दिसतात. ती एक ओळ काढली. ‘एमएसकॉन्फिग’मध्ये नुसती खूण काढूनही चौकट थांबते, पण मग दर वेळी सिस्टिम कॉन्फिगरेशनची स्वतःची सूचना येत राहते. एक चौकट जाऊन दुसरी येते, म्हणून मी तो रस्ता टाळतो. सगळ्या ड्राइव्हसाठी ऑटोरन बंद केलं, ते वेगळं.

हंगामानंतर

यूपीएसला नवी बॅटरी घेतली. बोर्डाच्या बटणाशेजारी सूनबाईंनी स्वतःच पेजमेकरमध्ये कंपोझ केलेली पट्टी लावली : पडदा काळा होऊन पंखा थांबल्याशिवाय बटण बंद करू नये.

गणपतीनंतर जाऊन लॉग पाहिला. रात्रीच्या सगळ्या नोंदी ६००६ च्या होत्या. एक ६००८ होती, दुपारची. त्या दिवशी वीज यूपीएसच्या दमापेक्षा जास्त वेळ गेली होती आणि पानं जुळवायच्या घाईत यंत्र वेळेत बंद करायचं राहून गेलं, असं सूनबाईंनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी डिस्कची तपासणी त्यांनी न टाळता पूर्ण होऊ दिली होती.

डिस्कची प्रतिमा आता तशाच दुसऱ्या ८० जीबीच्या आयडीई डिस्कवर उतरवून, ती लावून, पेजमेकर आणि लॉक दोन्ही चालतात याची खात्री करून, अण्णांच्या कपाटात ठेवली आहे. पुढचं काम मॅटर बाहेर काढण्याचं. इनडिझाइनची सीएस६ आवृत्ती पेजमेकर ७ च्या फायली उघडते, त्यानंतरच्या उघडत नाहीत, आणि उघडल्यावरही फाँट युनिकोडमध्ये बदलून प्रत्येक जोडाक्षर डोळ्यांखालून घालावं लागतं. सूनबाईंनी सुरुवात पावती पुस्तकांपासून केली आहे, कारण तीच मंडळं दर वर्षी परत येतात. लग्नपत्रिकांचं जुनं मॅटर त्या तुळशीच्या लग्नाआधी, काम थोडं सैल असताना घेणार आहेत.